वटपौर्णिमेआधीचे खुंट

हाताला माशांचा वास नाही असा आवडाबाईच्या आयुष्यात एकच दिवस आला, तिच्या लग्नाचा. असं ती स्वतःच सांगायची आणि वर म्हणायची, "त्या दिवशी पन हळदीखालना येतच व्हता, पन कोन बोलनार!"

ठाण्याच्या बंदराच्या खालच्या अंगाला तेव्हा एक लहानसा कोळीवाडा होता. आगगाडी सुरू होऊन चाळीस वर्षं होत आली होती, तरी त्या वस्तीची सगळी ये-जा पाण्यावरूनच चाले. आवडाबाई तिथे सून म्हणून आली ती तेराव्या वर्षी, आणि ही गोष्ट घडली तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती. अंगाने रुंद, पावलं चिखलात चालून पसरलेली, आवाज असा की पलीकडच्या कळव्याच्या काठावरचा माणूस वळून बघेल. ठाण्याच्या बाजारात तिची जागा ठरलेली होती. कायस्थांच्या घरची गडीमाणसं तिच्या पाटीपुढे येऊन उभी राहत आणि "ताजं आहे का?" असं विचारायची कुणाची छाती होत नसे. एकदा एका नव्या गड्याने विचारलं, तर ती म्हणाली होती, "नाय रं बाबा, माझ्या लग्नातलं हाय, तुझ्यासाठी ठेवलं व्हतं."

वर्षाचे महिने तिला माशांवरून कळत. दिवाळी होऊन हवेत गारठा आला की खाडीच्या तोंडाशी रावस लागायचा. माघात बोयांचे थवे यायचे आणि उथळ पाण्यावर टपटप उड्या मारायचे. चैत्र-वैशाखात पाणी तापलं की जिताडा वरच्या उथळ भागात शिरायचा, आणि कोळीवाड्याचे खरे दिवस सुरू व्हायचे. जिताडा म्हणजे खाडीचा राजा. पुरुषभर लांबीचा नव्हे, पण चांगला पोसलेला जिताडा खांद्यावर घेतला तर शेपटी गुडघ्याला लागायची. त्याच्या डोळ्यात मेल्यावरही तांबूस सोनेरी झाक राहायची. व्याह्याकडे पाठवायचा तो जिताडा, अंमलदाराच्या घरी भेट न्यायची ती जिताड्याची.

घाटात पाऊस लागून खाडीचं पाणी तांबडं झालं की हाच जिताडा उलटा फिरायचा आणि समुद्राच्या तोंडाकडे निघायचा. का निघायचा, हे बायकांना ठाऊक होतं, कारण पोट त्या फाडत. पुरुषांनी पकडायचं आणि बायकांनी कापायचं, विकायचं, अशी त्या वाड्याची वाटणी. पुरुष माशाला बाहेरून ओळखत, बायका आतून. आवडाबाई लहान सुनांना सांगायची, "बालंतपनाला निघते गो ती. तिचं म्हायेर खाली, खाऱ्या पान्यात." मोठ्या जिताड्याला ती नेहमी 'ती' म्हणायची. एवढ्या वर्षांत मोठ्या जिताड्याच्या पोटात तिला गाभोळीशिवाय, म्हणजे अंड्यांच्या पिशवीशिवाय, दुसरं काही सापडलं नव्हतं. श्रावण-भाद्रपदात बोटभर पिल्लं भरतीबरोबर वर येऊन भातखाचरांपर्यंत शिरत, तेव्हा ती म्हणायची, "आली बघा, आजोलातना घरी आली."

कोळीवाड्याचा वाणा, म्हणजे खुंटांवर चढवायचं सामाईक जाळं, आतल्या नाळेत होता. काठ आणि तिवरांचं एक बेट यांच्यामधून खाडीचा एक अरुंद फाटा जाई, त्याला सगळे नाळ म्हणत. ओहोटीला त्या नाळेच्या खालच्या तोंडाशी चिखलात खुंटांची आडवी रांग ठोकायची आणि जाळं पायथ्याशी दाबून ठेवायचं. भरती पुरी भरली की होडीतून जाऊन जाळ्याची वरची कड ओढून खुंटांवर चढवायची. मग पाणी उतरू लागलं की खाली निघालेलं सगळं म्हावरं त्या भिंतीशी अडायचं. जाळ्याचा वरचा दोर एकच आणि अखंड होता. काठावरच्या तिवराच्या जाड बुंध्याला बांधलेला, तिथून खुंटांच्या डोक्यांवरच्या खाचांतून गेलेला आणि पलीकडे बेटाला जखडलेला. वाणा सात घरांच्या वाट्याचा होता. उभारलेल्या वाण्याला बाईने हात लावायचा नाही, आणि उभं जाळं जो कापेल त्याच्या घराचा वाटा गेला, हे दोन नियम कुणी लिहून ठेवले नव्हते, पण ते मोडल्याचंही कुणी ऐकलं नव्हतं.

तिसरा नियम खुंटांचा होता. वटपौर्णिमेला बायका वडाला सूत गुंडाळायला गेल्या की पुरुषांनी नाळेतले खुंट उपटायचे. आजे-पणजे असं करत आले होते. त्या सुमाराला जिताडा खाली निघतो, त्याला जाऊ द्यायचं. शिवाय पावसात बाहेरच्या मोठ्या धारेत लाकडं वाहत येतात, भोवरे पडतात, म्हणून वरच्या गावांच्या लहान होड्या आतल्या नाळेने येतात, त्यांना वाट मोकळी राहते. कारणं हळूहळू विसरली गेली आणि दिवस तेवढा राहिला.

त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला. त्यामुळे वटपौर्णिमा निज ज्येष्ठात, चांगलीच पुढे गेली. आवडाबाईच्या संसारात अधिक ज्येष्ठ पूर्वीही येऊन गेला होता, पण तेव्हा पाऊसच उशिरा लागला होता आणि कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. या खेपेला पाऊस आपल्या वेळेला आला.

तिचं सगळं लक्ष तेव्हा लेकीकडे लागलं होतं. मालन तिची एकुलती एक. डोंबिवलीच्या खाडीकाठी मोठागावात दिलेली. लग्नाला सहा वर्षं झाली आणि आत्ता कुठे तिला पहिल्यांदा दिवस गेले होते. नवस झाले, अंगारे झाले, आणि आता महिने भरत आले होते. अधिकात लेकीला आणायचं नाही म्हणून थांबले होते. निज ज्येष्ठ लागला की पाडव्यालाच, म्हणजे पहिल्याच तिथीला, जावई विश्राम तिला घेऊन येणार होता. गोपीनाथाने, म्हणजे आवडाबाईच्या नवऱ्याने, निरोप धाडला होता की आगगाडीने या, ठाण्याच्या ठेसनावर माणूस पाठवतो.

अधिक ज्येष्ठातल्या वद्य चतुर्दशीला वाणा असा भरला की म्हाताऱ्यांनीही तसा पाहिला नव्हता. ओहोटी उतरली तसं नाळेतलं पाणी उकळल्यासारखं दिसू लागलं. जिताड्यांच्या शेपट्या एकमेकींवर आपटत होत्या. वाड्याचा प्रमुख परशुराम पाटील सत्तरी ओलांडलेला, एरवी हसायचा नाही. त्याने डोक्यावरची लाल टोपी काढून हवेत उडवली आणि ती चिखलात पडली तरी उचलायला वाकला नाही.

बायका ओंडक्यांवर कापायला बसल्या. आवडाबाईने पहिलीचं पोट फाडलं. एरवी गाभोळी दोन घट्ट सोनेरी फोडींसारखी हातात येते. या वेळी कोयत्याची धार लागायचा अवकाश, अंडी भिजवलेल्या राजगिऱ्यासारखी सरसरून मनगटावर वाहिली. तिने दुसरी फाडली. तसंच. तिसरीला तिने कोयता लावलाच नाही, नुसता पोटावर अंगठा दाबला. दाणे आपोआप बाहेर आले. तिचा हात थांबला.

शेजारी सगुणा बसली होती, तिची जन्माची मैत्रीण. "सगुणे, तुझ्याकडं काय निघालं?"

"गाभोलीच की. मोठ्या म्हावऱ्यात गाभोली नाय तर काय तुझा नवरा निघनार?"

"घट्ट का सुटलेली?"

सगुणा हसत होती ती थांबली. तिने आपल्या ओल्या हातांकडे पाहिलं. मग पलीकडच्या बाईने पाहिलं, तिच्या पलीकडचीने पाहिलं. सुटलेली गाभोळी म्हणजे कळा लागलेली बाई, हे तिथल्या कुणालाही सांगायला नको होतं. मग कुणीतरी म्हणालं, "बाजार उघडायचा हाय," आणि कोयते पुन्हा चालू लागले.

संध्याकाळी गोपीनाथ ओसरीवर जाळ्याचा फाटलेला भाग विणत बसला होता. खुशीत होता. आवडाबाई समोर येऊन उभी राहिली.

"नालेतले खुंट काढा."

"का गो?"

"म्हावरं निघालंय खाली. सगल्यांची गाभोली सुटलीय. एरवी खुंट निघाल्यावर निघतं, औंदा खुंट उभेच हायत. दरसाली पाऊस लागायच्या टायमाला वटपौर्निमा येते, औंदा मागं राह्यली."

"मागं राह्यली तर येईल चालत. तुला काय घाई? सात जन्म मागायचेत ना, अजून पंधरा दिस मोकली हायस, इचार कर."

ती हसली नाही. "अधिक मानसांचा. म्हावऱ्याला कोन सांगनार? आनि वरच्या गावच्या होड्या पाऊस बघून आतून घुसतात. त्यांना वाटनार, खुंट निघाले."

गोपीनाथाने सुई खाली ठेवली. "मालनची कालजी करतेस ना? ती गाडीनं येतेय. निरोप धाडलाय." मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "सात घरांचा वाना हाय. माझ्या एकट्याचा असता तर तुझ्या सांगन्यावर काढला असता. उद्या पाटलाला इचारतो."

त्याने विचारलं. परशुराम पाटलाचं उत्तर त्याने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, "अधिक मोजायचा नाय. निजाची पौर्निमा आली की खुंट. आनि बायकोला सांग, पंचांग बघायला ठान्यात भटजी बसलाय, तू म्हावरं काप."

आवडाबाईने ऐकलं आणि पाटी उचलून बाजाराला गेली. पाटलाचा शब्द होता, वाणा सात घरांचा होता, आणि लेक गाडीने येणार होती.

पाडव्याच्या दिवशी उधाण अजून जोरात होतं. त्यात वरून घाटाचं पाणी. दुपारी भरती पुरी झाली तेव्हा खुंटांची डोकी वीतभर पाण्याखाली गेली होती. तांबड्या, गढूळ पाण्यात तिथे काही आहे असं दिसतसुद्धा नव्हतं. गोपीनाथाने दोघांना घेऊन होडीतून जाळं चढवलं आणि काठावर येऊन तिवराच्या बुंध्याशी, दोराजवळ उभा राहिला. बायका पाट्या घेऊन मागे बसल्या. मालनला आणायला पुतण्या ठेसनावर गेलाच होता. आवडाबाईने घरी भात शिजवून झाकून ठेवला होता.

पाणी उतरू लागलं. सगुणा कुणाच्या तरी सुनेची नक्कल करत होती आणि बायका हसत होत्या. तेवढ्यात नाळेच्या वरच्या वळणावरून एक लहान होडी आत वळली.

ओहोटीला पुराची साथ होती. होडी वल्ह्याशिवायच धावत होती. पुढे होडीवाला, मागे एक पुरुष, मध्ये दोन बायका. एका बाईने दुसरीच्या डोक्यावर इरलं धरलं होतं. त्या इरल्याखालचं लुगडं हिरवं होतं. ते लुगडं आवडाबाईने स्वतः घेऊन दिलं होतं, डोहाळजेवणाला.

ती उभी राहिली. क्षणभर तिला काहीच समजलं नाही. मालन गाडीने येणार होती. ही मालन नव्हे. मग इरल्याखालून एक हात वर झाला आणि ओळखीने हलला.

"बाहेरून घ्या! बाहेरून!" कळव्याला पोचणारा तिचा आवाज. "वाना हाय!"

होडीवाल्याने कानाला हात लावला. वारा उलटा होता. त्याला वाटलं असेल, लेक आली म्हणून आई हाका मारते आहे. तो हसला. ते हसू आवडाबाईला पुढे मरेपर्यंत दिसत राहिलं.

होडी थांबली. धक्का बसलेला दिसलाच नाही, धावणारी होडी नुसती थांबली, जणू खालून कुणी पकडली. मग ती आडवी झाली, पाणी एका बाजूने आत आलं आणि ती पालथी पडली. होडीवाला आणि विश्राम जाळ्यावरून पलीकडे फेकले गेले. व्याहीण सखुबाई एका खुंटाला मिठी मारून किंचाळत होती. मालन अलीकडेच राहिली. धारेने तिला जाळ्यावर दाबून धरलं. लुगड्याचा हिरवा रंग एकदा वर आला, एकदा खाली गेला. मग नुसता हात दिसला, जाळ्याची गाठ धरलेला. तिच्याभोवती जिताडे उसळत होते.

दोर कापला की जाळं पडेल आणि धार तिला पलीकडे नेईल, जिथे माणसं धरू शकतील. काठावरच्या प्रत्येकाला हे कळत होतं. गोपीनाथ दोरापासून हातभर अंतरावर उभा होता आणि त्याच्या कमरेला कोयता होता.

तो हलला नाही.

त्याचं तोंड उघडं होतं आणि डोळे लेकीवर होते. आवडाबाईने "कापा!" म्हटलं, "अहो, कापा!" म्हटलं. त्याने ऐकल्याचं काही चिन्ह दिसलं नाही. दगड झाला होता नुसता. तिने त्याच्या अंगावर झेप घेतली, त्याच्या कमरेचा कोयता उपसला आणि दोरावर घाव घातला. दोर ओला, मनगटाएवढा जाड. एक घाव, आणखी एक. मागे कुणीतरी बाई "अगो, वाना!" असं ओरडली आणि आपल्याच तोंडावर हात ठेवून गप्प झाली.

दोर तुटला. तो सापासारखा खाचांतून सरसरत गेला आणि जाळ्याची भिंत पाण्यात कोसळली. नाळेत अडकलेलं सगळं, पाणी, पालथी होडी, जिताडे आणि मालन, एकदमच खाली धावलं. विश्राम छातीभर पाण्यात उभा होता. त्याच्या हाताला तिचा अंबाडा लागला.

तिला काठावर आणली तेव्हा ती श्वास घेत होती. तोंडातून चिखल निघाला, मग पाणी, मग "आये" एवढा शब्द. आवडाबाईने तिच्या पोटावर डावा हात ठेवला. आयुष्यभर तिने त्या हाताने हजारो पोटं चाचपली होती आणि आत काय आहे हे बाहेरून ओळखलं होतं. तिने हात तसाच ठेवला. काढला नाही आणि कुणाकडे पाहिलंही नाही.

दिवस बुडायच्या आत मालन बाळंत झाली. मुलगा होता, अंगाने भरलेला, डोक्यावर दाट जावळ असलेला. तो रडला नाही.

सखुबाई दारात बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "गाडीत धक्के बसतात म्हनून मीच म्हटलं, होडीनं न्या. गाडीत धक्के बसतात म्हनून मीच." कुणी तिला गप्प करेना. होडीवाला अंगणात उभा राहून विचारत होता, "पाऊस लागला म्हंजी खुंट निघतात ना? दरसाली निघतात ना?" ज्याला त्याला विचारत होता आणि उत्तर न घेताच पुढच्याकडे वळत होता. ठेसनावर गेलेला पुतण्या तिन्हीसांजेला परत आला आणि उंबऱ्यातूनच हसत म्हणाला, "काकी, मालन काय गाडीनं आली नाय बघ."

आवडाबाई रडली नाही. तिची उजवी मूठ मिटलेली होती, आणि सगुणाने तिची बोटं एकेक करून उघडली तेव्हा कळलं की पातं निखळून गेलेली कोयत्याची मूठ अजून तिच्या हातात आहे.

चौथ्या दिवशी पंच बसले. बसावंच लागलं. सात घरांचं जाळं फाटून खाडीत गेलं होतं आणि ऐन हंगाम होता. परशुराम पाटील मध्ये बसला. त्याची मान खाली होती. पण नियम विचारणं त्याच्याकडे होतं, म्हणून त्याने विचारलं, "दोर कोनी कापला?"

बायका मागच्या बाजूला उभ्या होत्या. दोर कुणी कापला हे तिथल्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मी," गोपीनाथ म्हणाला.

आवडाबाईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. चार दिवसांत तो पहिलाच शब्द बोलला होता. "माझी पोर व्हती, मी कापला," तो पुन्हा म्हणाला, जमिनीकडे बघत. पुरुषांनी माना हलवल्या. बापाने लेकीसाठी दोर कापला, हे त्यांना चालण्यासारखं होतं. बाईने वाण्याला हात लावला आणि बाप उभा राहून बघत राहिला, हे चालण्यासारखं नव्हतं. तिला दिसलं की एवढ्या एका शब्दाने सगळं झाकून टाकायला ते तयार आहेत. मग वाटाही राहील, लाजही राहील, आणि पुढच्या अधिकात खुंटही उभेच राहतील.

"नाय," ती म्हणाली. "ह्यांनी नाय कापला. मी कापला."

"आवडे, गप र्‍हा," कुणीतरी म्हणालं.

"का गप र्‍हाऊ? ह्यांच्या कमरेचा कोयता घेतला आनि मी कापला. हे उभे व्हते." गोपीनाथाकडे तिने पाहिलं नाही. "माझ्या घराचा वाटा काढा. नियम हाय. पन दोर कोनी कापला हे इचारता, तर खुंट कोनी ठेवले हे पन इचारा. चतुर्दशीला मी सांगितलं व्हतं, म्हावरं निघालंय. म्हावऱ्यानं पंचांग बघितलं नाय. होडीवाल्यानं बघितलं नाय. बघितलं ते आपन, पोरीच्या सासर-म्हायेर दोन्ही घरांनी. म्हनून तर पोरगी पाडव्याला निघाली आनि खुंट पाडव्याला उभे राह्यले."

परशुराम पाटलाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बाईमाणूस पंचांपुढे असं बोलताना त्याने सत्तर वर्षांत ऐकलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं, आता तो उसळणार.

त्याने विचारलं, "चतुर्दशीला किती जनींची सुटली व्हती?"

"आमच्या हातांखालना गेल्या त्या सगल्यांची," आवडाबाईच्या आधी सगुणाच बोलली. "आमी समद्यांनी बघितलं. बघून कापत राह्यलो."

म्हातारा उठला. काठी विसरला. तो सभेतून निघून सरळ नाळेकडे चालू लागला, आणि तो काय करतो आहे हे लोकांना कळलं तेव्हा तो गुडघाभर चिखलात उतरून पहिल्या खुंटाला मिठी घालून तो हलवत होता. खुंट हलत नव्हता. चार तरुण धावले. मग सगळेच गेले. गोपीनाथ सर्वांत शेवटी उतरला आणि बेटाजवळचा सगळ्यांत खोल खुंट त्याने एकट्याने उपटला.

आवडाबाईचा वाटा गेला नाही. त्याबद्दल पुढे कुणी बोललंच नाही. पण गोपीनाथ वाण्यावर पुन्हा गेला नाही. तो बाहेरच्या मोठ्या होड्यांवर कामाला जाऊ लागला आणि आठ-आठ दिवस घरी येईना. ती त्याला वाढायची, तो जेवायचा. त्या दुपारी तो का हलला नाही, हे तिने त्याला विचारलं नाही. लेक बुडताना दिसली म्हणून तो थिजला की दोराला सात घरं बांधलेली दिसली म्हणून, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि जे उत्तर येईल ते घेऊन त्याच घरात राहावं लागेल, याची तिला भीती वाटत होती. मालन सव्वा महिन्याने सासरी गेली. तिला पुढे दोन मुली झाल्या. दोन्ही वेळा ती मोठागावातच बाळंत झाली आणि आवडाबाई भाकरी बांधून गाडीने तिच्याकडे गेली.

दुसऱ्या वर्षी अधिक नव्हता. पाऊस लागायच्या बेताला परशुराम पाटलाने दोन जिताडे तिच्या ओंडक्यावर आणून ठेवायला लावले आणि स्वतः बाजूला उभा राहिला. तिने पोटावर अंगठा दाबला. वटपौर्णिमेला अजून आठवडा होता. "काढा," ती म्हणाली. पुरुष कुरकुरले, एकाने ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आता बायका तिथी सांगनार!" पण खुंट निघाले.

त्याच दुपारी ती नाळेच्या काठावर रिकामी पाटी घेऊन उभी होती. वरच्या वळणावरून एक होडी आत आली. माणसांनी भरलेली होती, कुठल्या तरी वरच्या गावची. लग्नाला निघालेली मंडळी असावीत. बायका गात होत्या, एक पोर होडीच्या कडेवरून वाकून पाण्यात हात बुडवत होतं. होडी धारेबरोबर धावत खालच्या तोंडाशी आली. आवडाबाईच्या हातातून पाटी सुटली. होडी जशी आली तशीच त्या जागेवरून निघून गेली, आणि गाणं बेटाच्या मागे गेलं तरी काही वेळ ऐकू येत राहिलं. होडीतल्या कुणीही काठाकडे बघितलं नव्हतं. आवडाबाई मात्र खाली चिखलातच बसली आणि पुष्कळ वेळ तिला उठता आलं नाही.